छान आहे, बू मुर्ती

रविवार, ६ जानेवारी

सेनोचा फोन, जकार्ताजवळच्या बेकासीहून. दर रविवारी तीच रेकॉर्ड. "आई, एकटी किती दिवस राहणार? घर विकू. बेकासीला ये. किनांतीला आजी हवी." किनांती सहा महिन्यांची आहे. तिला अजून दात नाहीत आणि म्हणे आजी हवी!

आज मात्र त्याने घर घेणाऱ्या दलालाचं नावसुद्धा सांगितलं. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. या घरात मी लग्न होऊन आले, इथूनच ह्यांना खांद्यावर नेलं. मी म्हटलं, "ईदपर्यंत मुदत दे. तोवर माझा धंदा उभा राहिला तर घराचं नाव काढायचं नाही."

"कसला धंदा?"

कसला ते मलाही ठाऊक नव्हतं. समोर मोरीत साबणदाणी होती. म्हटलं, "साबणाचा."

तो हसला. हसू दे. माझी आई अख्ख्या सोलो शहरच्या नवरीमुलींसाठी उटणं करायची. वाळा किती, चंदन किती, मोगरा किती, सगळं नाकाने. ते नाक माझ्याकडे आलंय. शाळेच्या कचेरीत तीस वर्षं फायली चिवडल्या म्हणून ते कुठे गेलं नाही.

गुरुवार, १० जानेवारी

पहिला घाणा घातला. खोबरेल, पामतेल, कॉस्टिक सोडा. सोडा पाण्यात टाकल्यावर पाणी आपोआप तापतं, हे पुस्तकात वाचलं होतं, पण हाताला कळलं तेव्हा पातेलं टाकून मी अंगणात. तरी पुन्हा घोटत बसले. पेजेसारखं घट्ट झालं तेव्हा मोगऱ्याचं तेल घातलं. तीन चमचे लिहिलेत. वास कुठे आहे? आणखी तीन घातले. दुकानदाराने पाणी मिसळलेलं दिसतंय. हल्ली कशातच दम नाही.

पावसामुळे वड्या लवकर वाळणार नाहीत. महिना तरी लागेल. महिनाभर नुसतं बघत बसायचं म्हणजे माझ्या जिवाला शिक्षाच.

शनिवार, १९ जानेवारी

बाजारात तेरासीवालीशी भांडण. गेली पंचवीस वर्षं तिच्याकडून घेते. तिची कोलंबीची आंबवलेली तेरासी तव्यावर टाकली की तीन घरं खोकायची. परवाची तेरासी म्हणजे नुसती माती! मी म्हटलं, "कोलंबी घालायची सोडलीस की काय?" ती म्हणाली, "माफ करा बू, पुढच्या वेळी चांगली देते." चूक कबूल केली म्हणजे चोरी खरीच.

डिसेंबरात तापाने दोन आठवडे आडवी होते. उठल्यापासून बघते, कॉफी, मोगरा, तेरासी, सगळ्यांनी भेसळ सुरू केली आहे.

शनिवार, ९ फेब्रुवारी

भिशी बू दार्मींकडे होती. आमच्या गल्लीतली सगळ्यात जुनी मैत्रीण, भिशीची मुखत्यारही तीच. मी पंधरा वड्या केळीच्या पानात बांधून नेल्या. एकेकीने हुंगून बघितलं. बू कार्ती, माझी शेजारीण, तिला शिंकाच लागल्या. थंडी बाधली असेल.

"छान आहे, बू मुर्ती."

"वा, अगदी भरपूर वास आहे हं!"

"घर भरून जाईल!"

दार्मी म्हणाली, "तू दमत नाहीस का ग? एवढा खटाटोप." किती काळजी करते!

कुणीही नाक मुरडलं नाही. मी मुद्दाम बघत होते.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

साबणात जीव हवा. हुंगल्यावर डोकं उघडलं पाहिजे. औषधवाल्याकडून पेपरमिंटचे खडे आणले. हुंगले आणि हायसं वाटलं! थेट डोळ्यांपर्यंत गार झोंबलं. कितीतरी दिवसांनी बिनभेसळीची वस्तू मिळाली.

पिशवी फाटली म्हणून कॉफीच्या रिकाम्या बरणीत ओतले. त्याच वेळी गल्लीच्या मयत-कमिटीचा कापूरही दुसऱ्या बरणीत काढला, कारण त्याचा डबा गंजला होता. गल्लीतली बाई गेली की न्हाऊ घालायला आम्हीच जातो, आणि त्याचं सामान, म्हणजे पांढरं कापड, कापूर, नवे तांबे, माझ्याकडे असतं. मयताच्या शेवटच्या पाण्यात कापूर लागतोच.

दोन्ही पांढरे खडे, दोन्ही सारख्याच बरण्यांत, शेजारी शेजारी. चिठ्ठी चिकटवायला डिंक नव्हता. राहू दे, नाक आहे की.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

नवा घाणा. उटण्यातही खडे घालून बघितले. फळीवर दोन्ही बरण्या हुंगल्या, दोन्हींतून गार झोंबलं. उजवीकडची पेपरमिंटची, मी ठेवताना उजवीकडेच ठेवली होती. मधे फळी पुसताना खाली काढल्या होत्या, पण उजवी ती उजवी.

दोन मुठी घातल्या. मग आणखी एक. काय झोंबतंय! आता कुठे धंदा वाटतोय.

बुधवार, २० फेब्रुवारी

गल्लीच्या टोकाच्या सिना आजी गेल्या. एक्याण्णव वर्षांच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा मला चूल पेटवायला त्यांनीच शिकवलं. सकाळी आम्ही चौघी न्हाऊ घालायला बसलो. शेवटच्या पाण्यात खडे मी विरघळवले. पाणी ओतताना दार्मीचा तांब्या मधेच थांबला. तिने माझ्याकडे बघितलं, मग कार्तीकडे. कार्तीचे डोळे पाण्याने भरले होते. आजींची नात नाकाला पदर लावून बाहेर गेली. सगळ्यांनाच भरून आलं. मी खंबीर राहिले. कुणीतरी राहायला हवं.

परत निघालो. दार्मी दोनदा म्हणाली, "मुर्ती, एक सांगू का..." आणि दोन्ही वेळा म्हणाली, "जाऊ दे, दमली असशील."

शुक्रवार, १ मार्च

मोठी बातमी! मशिदीचे पाक मोदिन स्वतः दारात आले. गल्लीत लग्न असो, मयत असो, यांच्याशिवाय पान हलत नाही. माझा नवा साबण, पुरता वाळायच्या आधीच मी वाटला होता, तो त्यांनी कुणाकडे तरी बघितला म्हणे. वडी नाकाशी धरून डोळे मिटले, म्हणाले, "बू, आमच्या कामाला याच वासाचा हवा होता. महिन्याला चाळीस द्याल?"

"मशिदीतल्या नळांवर ठेवणार?" मी विचारलं.

ते जरा चाचरले. म्हणाले, "हो... तिथेच, मागच्या बाजूला."

नमाजाआधी अख्खी गल्ली माझ्या साबणाने हात धुणार! सेनोला लगेच फोन केला. त्यालाही बारा वड्या पाठवल्या होत्या. म्हणाला, "छान आहेत आई. घरात भांडणं होतात तुझ्या साबणावरून." आवाज जरा पडलेला होता. आई हरत नाहीये म्हणून असेल.

रविवार, १० मार्च

पुढची खोली भाड्याने दिली. तिउर्मा नावाची बाई, पस्तिशीची, बाताक, सुमात्रातल्या मेदानकडची, सरकारी इस्पितळात परिचारिका. सेनोनेच शोधली, मी एकटी नको म्हणून. एकटी नाही हे चांगलं, पण हिच्या तोंडाला दरवाजा नाही. पिशव्या खाली ठेवायच्या आधी नाक फेंदारलं आणि म्हणाली, "बाह! इनांग, या घरात कोण गेलंय?"

मी विचारलं, कोण गेलंय म्हणजे काय?

"मढं न्हाऊ घातल्यासारखा वास येतोय."

मी सांगितलं, कमिटीचा कापूर घरात असतो. ती म्हणाली, "बरणी उघडी राहिली असेल मग." आणि दार उघडं टाकून स्वतःच पंखा लावला. पहिल्याच दिवशी! इस्पितळात राहून राहून हिच्या नाकात मढी शिरली आहेत. आणि मला इनांग का म्हणते? मी काय तिची आई? सोलोत माणसं बू म्हणतात.

शनिवार, १६ मार्च

आज भिशीत मी पदर खोचूनच बसले होते. दार्मीच्या मुलीचं, लारासचं, लग्न एप्रिलच्या शेवटी ठरलंय. नवरीच्या नाहणाला येणाऱ्यांना काहीतरी हातात द्यावं लागतं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "शंभर वड्या मी करते. वेताच्या डब्यांत. आणि लारासचं उटणंही माझंच."

मग दार्मी म्हणाली, "अगं, तुला त्रास कशाला..."

"त्रास कसला?"

"लारासची कातडी नाजूक आहे."

"मी सोडा कमी करते."

"पाऊसही आहे, वाळणार नाहीत..."

"माळ्यावर वाळवीन."

दार्मीने सगळ्यांकडे बघितलं. सगळ्या चटयांकडे बघत होत्या. शेवटी ती म्हणाली, "बरं. करच मग." तिचे डोळे भरून आले. मैत्रीण अशी असावी.

नंतर कार्ती माझी वडी हुंगत म्हणाली, "हिचा वास घेतला की मला माझ्या सासूबाई आठवतात." तिची सासू जाऊन सात वर्षं झाली. साबणाने माणसाला आपली माणसं आठवावीत, आणखी काय पाहिजे?

या शंभर वड्या बघून पन्नास पाहुण्या तरी मागणी देतील. ईदच्या आधी. मग सेनोचा दलाल जाऊ दे तिकडे.

गुरुवार, २८ मार्च

भात करपला. तिउर्मा पुढच्या खोलीतून ओरडली, "इनांग! घर जळतंय का?" मी शेगडीपासून दोन हातांवर बसून वड्या कापत होते. कामात लक्ष असलं की असं होतं. ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली. म्हणाली, "तुम्हाला वास नाही आला?" मी म्हटलं, "आला तर. उठणारच होते."

खोटं कशाला बोलले?

मंगळवार, ९ एप्रिल

आज दुपारी पाठीला निलगिरीसारखं ते आपलं कायुपुतीचं तेल चोळलं. लहानपणापासूनचा वास. तो आठवतो. म्हणजे आठवावा लागतो. कातडीला गार लागलं, बस.

सर्दी आहे. सर्दी जुनी झाली की असं होतं.

कचेरीत असताना एक हेडमास्तर होते. त्यांना ऐकू येईनासं झालं तर ते म्हणायचे, हल्लीची पोरं पुटपुटतात. आम्ही सगळे हसायचो. आज ते सारखे डोळ्यांपुढे का येतायत कळत नाही. घाणा घालायचाय. उठते.

शनिवार, २० एप्रिल

शंभर डबे दार्मीकडे पोचवले, रिक्षाने दोन खेपा. लारासला उटणं दिलं. पोर गोड आहे. डबी दोन्ही हातांनी घेतली, पण उघडली नाही.

बुधवार, २४ एप्रिल

लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी सातला खोबरेल तापवायला शेगडीवर पातेलं ठेवलं. शेगडी पेटेना. बटण दाबतेय, कट कट, ज्योत नाही. काडेपेटी शोधायला लागले. मसाल्याच्या डब्यामागे, ह्यांच्या फोटोमागे, कुठे नाही. दहा मिनिटं तरी गेली असतील. शेवटी माळ्यावर सापडली. येऊन शेगडीपुढे बसले, काडी काढली.

तेवढ्यात तिउर्मा रात्रपाळीवरून आली. दारातून तिने जी धाव घेतली! माझ्या हातावर फटकाच मारला. काडेपेटी मोरीत. सिलिंडरचा रेग्युलेटर पिरगाळून काढला, मागचं दार, खिडक्या सगळं उघडलं, मला दंडाला धरून फरफटत अंगणात आणलं. तिच्या भाषेत ओरडत होती. एक शब्द कळला नाही आणि सगळं कळलं.

गल्ली गोळा झाली. कुंपणापलीकडून कार्ती म्हणाली, "मला मघाशीच गॅसचा वास आला होता. म्हटलं, सकाळी सकाळी बू मुर्तींच्या कामात कशाला नाक घालायचं? भीड वाटली."

भीड वाटली म्हणे! तिउर्मा तिच्यावर अशी धावली की कार्ती चपला टाकून घरात पळाली.

मग तिने मला पायरीवर बसवलं. "डोळे मिटा." मी म्हटलं, "तू कोण मला सांगणारी?" "मिटा म्हणते ना!" मी मिटले. नाकाखाली काहीतरी धरलं. "काय आहे?" मला वाटलं तिने अजून काही धरलंच नाही. "कॉफी," ती म्हणाली. मग दुसरं. काही नाही. मी विचारलं, धरलंस का? "तेरासी, इनांग. माझ्या डोळ्यांतून पाणी येतंय आणि तुम्ही विचारताय, धरलंस का."

मी तिला खूप बोलले. घर सोडून जा म्हटलं. तुमच्याकडे मोठ्यांशी असंच वागतात का म्हटलं. ती शांतपणे म्हणाली, "जाते. पण आधी हे बघा." फळीवरच्या दोन्ही बरण्या तिने पुढे ठेवल्या. "ही पेपरमिंट. ही कापूर. तुमच्या साबणात आणि उटण्यात कापूर आहे, इनांग. दीड महिना सांगतेय, मढ्याचा वास येतो. तुम्हाला वाटलं मी अशीच बोलते."

माझ्या साबणात मयताचा वास आहे. आणि त्याच्या शंभर वड्या नवरीच्या नाहणाला आहेत. परवा.

गुरुवार, २५ एप्रिल

सकाळीच दार्मीकडे गेले, मागच्या दाराने. अंगणात मांडव, नारळाच्या कोवळ्या झावळ्या, मडकी. मी तिला विहिरीपाशी ओढलं. "दार्मी, त्या वड्या कुणाला देऊ नकोस. त्यात कापूर आहे. मला वास येत नाही. कशाचाच येत नाही." मोठ्याने म्हटलं. कानांना विचित्र वाटलं.

दार्मीने तोंडावर हात ठेवला. आणि मग मला दिसलं. न्हाणीघराच्या भिंतीशी एक गोणी होती. तोंड सुटलेलं. आत माझ्या वड्या. वेताच्या डब्यांत दुकानातला गुलाबी साबण भरलेला होता.

"कधी बदललास?"

"तू दिलास त्याच संध्याकाळी."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"पहिल्यापासून सगळ्यांनाच..." ती रडायला लागली. "कसं सांगणार मुर्ती? तू एवढी खूश होतीस. तुझं मन कसं मोडायचं?"

"तोंडाने सांगायचं! तोंड आहे ना?" मी ओरडले. त्या घरात एवढ्या मोठ्याने कुणी बोललं नसेल. "अग, काल मी जळून मेले असते. तेव्हाही तुम्ही म्हणाला असता, छान जळली बू मुर्ती!"

तिने माझे हात धरले. म्हणाली, "सेनोला आम्ही कुणी काही सांगणार नाही. शपथ. तुझं घर तुझंच राहील."

तेवढ्यात डोक्यात दुसरं आलं. "सिना आजी," मी म्हटलं. "त्यांच्या पाण्यात मी काय घातलं?"

दार्मीने मान खाली घातली. मला उत्तर कळलं. त्या बाईने मला चूल पेटवायला शिकवलं, आणि मी तिला पेपरमिंटच्या पाण्याने पाठवलं. बाकी तिघी तिथेच होत्या, तिघींना कळत होतं, आणि भिडेपायी एकही बोलली नाही. आजींना परत एकदा न्हाऊ घालता येणार नाही. मी विहिरीच्या काठावर बसून लहान मुलीसारखी रडले.

घरी आले तर तिउर्मा सामान भरत होती. मी म्हटलं, "काल जा म्हटलं ते रागाने." ती म्हणाली, "रागाने म्हटलंत ते कळलं. पण खरं म्हटलंत की नाही ते सांगा. मला अंदाज बांधता येत नाहीत." मी म्हटलं, "राहा." तिने पिशवी रिकामी केली. एवढंच.

शुक्रवार, २६ एप्रिल

नाहणाला जाणार नव्हते. दार्मी स्वतः न्यायला आली. सात वडीलधाऱ्या बाया पाणी घालतात, त्यातली एक मी. पाच जातींची फुलं तरंगत होती त्या पाण्यात. लारासच्या खांद्यावरून ओतलं. बायकांनी "आहा, काय घमघमाट!" म्हटलं. मी तांब्या पुढचीच्या हातात दिला.

दार्मी छत्रीखाली बसून दावेत, म्हणजे नारळाच्या दुधाचं गोड सरबत, विकत होती, पाहुणे खापराचे तुकडे देऊन पेले घेत होते, रीतीप्रमाणे. सगळा हसण्याचा गोंधळ. लाराससमोर वाकले तर ती कानात म्हणाली, "बू, खरं सांगू? मला तुमचा पहिला साबण आवडला होता."

"मोगऱ्याचा? कसा होता तो?"

"नाक जळायचं."

मला हसू फुटलं. नवरीलाही फुटलं. तिच्या डोळ्यांतलं काजळ ओघळलं आणि दार्मीने दोघींना दटावलं.

रविवार, २८ एप्रिल

सेनोच्या फोनची वाट बघितली नाही. मीच केला. दोन दिवस मनात एकच चाललं होतं: ही गल्ली माझं गुपित शेवटपर्यंत राखेल. सेनोला कळणार नाही. घर राहील. आणि एक दिवस कुणाला तरी वास येईल आणि भीड वाटेल. भीड भिकेची बहीण म्हणतात, इथे तर मरणाची आई झाली.

म्हटलं, "सेनो, मला वास येत नाही. डिसेंबरच्या तापापासून. बुधवारी गॅस सुटला होता, मी काडी ओढणार होते."

मग मीच विचारलं, "माझ्या साबणाचं काय केलंत?"

"आई..."

"खरं सांग."

"अंगितने कपड्यांच्या कपाटात ठेवले." माझी सून हुशार आहे. "झुरळं येत नाहीत."

"आणि मला म्हणालास भांडणं होतात."

"होतात की. अंगित म्हणते आईंना सांग, मी म्हणतो तू सांग." त्याचा आवाज फुटला. "शनिवारी येतो. घराचे कागद घेऊन."

मी बरं म्हटलं. बोलून टाकलं म्हणून हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. घरभर फिरले, भिंतींना हात लावत.

मंगळवार, ३० एप्रिल

पाक मोदिनकडे कबुली द्यायला गेले. "पाक, तुमच्या चाळीस वड्यांत कापूर आहे."

ते म्हणाले, "माहीत आहे. म्हणून तर घेतो."

"नळावर?"

"बू, मागच्या बाजूला मयत न्हाऊ घालायची खोली आहे." बिचारे कानापर्यंत लाल झाले. "तुम्हाला माहीत नव्हतं? मला वाटलं तुम्ही मुद्दाम त्यासाठीच केलाय. शेजारच्या दोन गल्ल्याही मागतायत."

म्हणजे एवढ्या दिवसांत माझ्या साबणाला मनापासून चांगलं म्हणणारं एकच गिऱ्हाईक निघालं, आणि त्याच्याकडे नाहणारं माणूस बोलत नाही! आधी संताप आला, मग वाटेत इतकं हसू आलं की सायकलवाला थांबून विचारायला लागला. मोदिनना म्हटलं, करीन. पण मिसळण तिउर्मा हुंगेल आणि डब्यावर ठळक अक्षरांत लिहीन, हा कशासाठी आहे ते.

येताना सिना आजींच्या कबरीवर पाणी घातलं. साधं.

शनिवार, ४ मे

सेनो, अंगित आणि किनांती दुपारी आले. सेनोच्या खांद्याला कागदांची पिशवी. चहा नको म्हणाला, सरळ स्वयंपाकघरात. सिलिंडर नव्हताच तिथे, तिउर्माने कालच विजेची शेगडी आणून बसवली. त्याने बरण्या बघितल्या. आता त्यांच्यावर हाताएवढ्या चिठ्ठ्या आहेत. मग त्याने तिउर्मालाच विचारलं, "आई इथे राहू शकते का?"

"एकटी? नाही," ती म्हणाली.

मी कागदांच्या पिशवीकडे बघितलं.

"माझ्याबरोबर राहू शकतात. मी वर्षभर आहे. पुढे दुसरी भाडेकरू बघा. सोलोची नको. न विचारता बोलणारी हवी."

सेनो मोरीच्या पायरीवर बसला. म्हणाला, "एक वर्ष, आई. मग परत बोलू. पण काहीही झालं तरी मला खरं सांगायचं."

"तू पण," मी म्हटलं. पिशवी त्याने उघडलीच नाही. मला तिथेच रडू आलं, लपवलं नाही.

अंगितने किनांतीला माझ्या मांडीवर दिलं. आमच्याकडे पोराचा पापा ओठांनी घेत नाहीत, नाकाने घेतात. ती पाच दिवसांची होती तेव्हा मी तिच्या टाळूत नाक खुपसून दिवसच्या दिवस बसले होते. आता नाक टेकवलं. ऊब लागली. मऊ जावळ नाकाला गुदगुल्या करून गेलं. बाकी काही नाही. कितीही खोल श्वास घेतला तरी काही नाही.

माझं तोंड बघून अंगित पुढे सरकली.

"हिला कसला वास येतोय?" मी विचारलं.

"छान येतोय, आई," अंगित पटकन म्हणाली.

मी सेनोकडे बघितलं. तो उठून जवळ आला, गुडघे टेकून बसला आणि त्याने तिच्या डोक्यावर नाक ठेवलं.

"आंबट दुधाचा," तो म्हणाला. "घामाचा. गाडीत ओकली, तो मानेत राहिलाय. कानामागे तेलाचा. आणि लंगोट बदलायला झालाय."

"खरं सांगतोयस?"

"अगदी खरं, आई. घाण येतोय."

मी पुन्हा तिच्या टाळूवर नाक टेकवलं, आणि तो सांगत राहिला.